शेजारच्या काकूंच्या आणि आमच्या अंगणामधी भिंत घालतोय, वाट ठेवावी का बुजवावी?

आर्णीची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, माझं माहेर अकोट साइडचं, लग्न होऊन इथं ११ वर्षं झाली. गेल्या वर्षी घरकुल झालं, १ लाख २० हजारात काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यात कापसाचे पैसे घातले आणि दिवाळीच्या आत राहायला गेलो. आता अंगणाला भिंत घालायची आहे. रानडुकरं पार गावात यायला लागलीत, काकूंच्या बकऱ्या माझी वांगी-मेथी ठेवत नाहीत, वांदरांचं तर बोलूच नका. त्यामुळं भिंत पाहिजे हे मलाही पटतं.

प्रश्न असा की आजपर्यंत आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणामधी पऱ्हाटीचं (कापसाच्या वाळल्या झाडांचं) कुंपण होतं. कापूस वेचून झाला की दरसाल दोघं घरं मिळून नवीन पऱ्हाटी लावायचे. त्यात कडूनिंबाच्या बुडाशी एक माणूस जाईल एवढी वाट आहे, माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून आहे म्हणतात. तिथली माती पाय पडून पडून अशी गुळगुळीत झालीय की पावसाळ्यातही तिथं गवत उगवत नाही. सकाळी मी इकडून सडा टाकत जाते, काकू तिकडून टाकत येतात आणि त्या वाटेत दोघींचा सडा एक होतो. मग तिथंच उभ्या उभ्या ५ मिनिटं बोलणं, आज काय रांधतेस, डाळ शिजली का, पोराचा ताप उतरला का.

विरजण तिथून, चुलीचा इस्तव तिथून (गॅस संपला की अजूनही), नातेवाईक आले की कोपर (मोठी परात) आणि मोठा गंज (पातेलं) तिथून. पोळ्याला काकाजींची बैलजोडी मारुतीच्या पारावरून आली की पहिले आमच्या दाराशी पूजा, मग त्यांच्या. माझा मोठा मुलगा झाला तेव्हा पहाटे ३ वाजता काकू त्याच वाटेनं आल्या होत्या, चप्पल न घालता.

आता आमचे हे आणि धाकटे भावजी म्हणतात की सरळ ५ फुटाची भिंत, मधी काही नको, दार ठेवलं की मिस्त्री चौकटीचे वेगळे पैसे घेतो, उद्या जागेचा वाद झाला तर काय, काका-काकू आहेत तोवर ठीक, त्यांची मुलं पुण्याला, ती कशी वागतील कोणाला माहीत. सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण विटा उतरल्या त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. काकूंना मी अजून काही विचारलं नाही, माझी हिंमतच होत नाहीये. तुमच्याकडं कोणी अशी भिंत घातली असेल तर सांगा. वाट ठेवली तर किती रुंद, कडी कोणाच्या बाजूनं, आणि काकूंशी हा विषय काढायचा कसा? मिस्त्री पुढच्या आठवड्यात येतोय.

सेलूवाला

ताई, आम्ही वर्धा जिल्ह्यातले. बाबांनी ६-७ वर्षांपूर्वी पूर्ण भिंत घातली, ७ फूट, वरून काचा. शेजाऱ्यांशी भांडण वगैरे काही नव्हतं, त्यांनी पण अर्धे पैसे दिले होते. भिंत झाल्यावर पहिले काही दिवस आई भिंतीवरून आवाज द्यायची, मग त्या काकू रस्त्यानं फिरून यायच्या. रस्त्यानं यायचं म्हणजे लुगडं नीट करा, डोक्यावर पदर घ्या, चौकात माणसं बसलेली, कुठं चालल्या म्हणून विचारणार. एक वाटी साखरेसाठी कोण एवढं करतं. मग आठवड्यातून एकदा, मग सणावाराला, असं कमी कमी होत गेलं, कोणाचा राग नाही, काही नाही.

पुढं एका श्रावणात आई न्हाणीत घसरून पडली, मी नागपूरला ड्युटीवर, बाबा वावरात. ती आवाज देत होती तो शेजारी ऐकू गेला, ते लगेच धावले, पण गल्लीतून वळसा घालून आले तर आमचं समोरचं दार आतून बंद. शेवटी त्यांच्या पोरानं शिडी लावून काचांवर पोतं टाकलं आणि उडी मारली, त्याचा हात कापला, अजून वण आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आधी कुंपणातून यायला त्यांना १० पावलं लागायची.

नंतर बाबांनी स्वतः सब्बल (पहार) घेऊन भिंत फोडली आणि दार केलं. फोडून दार करायला जेवढा खर्च आला तेवढ्यात आधीच दोन दारं झाली असती. मिस्त्री चौकटीचे काय मागतोय ते द्या, त्याच्यावर विचार करू नका.

मेळघाटच्या_पायथ्याशी

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. मी अचलपूर तालुक्यात दिलेली. आमच्याकडंही असंच उघडं अंगण होतं आणि सगळे म्हणायचे आपल्या गावात किती आपुलकी. पण सून म्हणून मला काय वाटायचं ते कोणी विचारलं नाही. न्हाणी अंगणात, तट्ट्याची, मी डोकं धुऊन बाहेर आले की समोर शेजारच्या आजी बसलेल्या, त्यांचा मोठा मुलगाही त्याच वाटेनं ये-जा करायचा. माझ्या घरात किती वाजता दिवा बंद झाला हेही दुसऱ्या दिवशी विहिरीवर माहीत असायचं. दुसरं बाळ पोटात असताना मी नवऱ्याला सांगितलं की भिंत घाला नाहीतर मी माहेरी चालले. भिंत घातली, दार ठेवलं, पण कडी आमच्या बाजूनं.

आणि खरं सांगते, त्यानंतर माझे आणि आजींचे संबंध चांगले झाले. त्या कडी वाजवतात, मी उघडते, चहा ठेवते. आधी मी त्यांना पाहिलं की आत पळायचे. त्यामुळं ताई, भिंत घालणं म्हणजे पाप नाही, हे मनातून काढा. फक्त दार ठेवा.

आर्णीची_सून

@मेळघाटच्या_पायथ्याशी ताई राग कशाचा, उलट बरं झालं तुम्ही लिहिलं. मला काकूंचा असा त्रास कधी झाला नाही, त्या येताना लांबूनच "हाय का वं घरात" म्हणून आवाज देतात, पण माझी धाकटी जाऊ येणार आहे आता, तिचाही विचार करायला पाहिजे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमची न्हाणी आता पक्की आहे, त्याचा प्रश्न नाही.

@सेलूवाला भाऊ, तुमची पोस्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ह्यांना बोलावून पुन्हा वाचायला लावली.

गिलावा

मी वाशिम जिल्ह्यात बांधकामाची कामं घेतो, २० वर्षं झाली, त्यामुळं कामाचं आधी सांगतो. तुमच्याकडं काळी माती असेल. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आत्ता एप्रिलमध्ये वावरात पाहा, हात जाईल एवढ्या भेगा असतात. तीच माती भिंतीखाली पण आहे. लोक फूटभर खोदतात आणि त्याच्यावर ४ इंची भिंत उभी करतात, दोन पावसाळ्यात तिरपी तडा जाते, मग म्हणतात मिस्त्री खराब. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर दर ८-१० फुटांवर कॉलम घेऊन वरून प्लिंथ बीम (पायावरची आडवी तुळई) टाका आणि खड्ड्यात काळी माती परत भरू नका, मुरूम भरा. भिंतीच्या बुडाशी पाणी जायला पाइपचे तुकडे ठेवा, नाहीतर एका अंगणातलं पाणी तुंबून दुसऱ्याच्या पायात मुरेल आणि मग खरं भांडण होईल. कडूनिंबापासून पाया जमेल तेवढा लांब घ्या, मुळं तोडू नका. दार आत्ताच ठेवा, वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) टाकून, नंतर फोडून केलं की त्या कोपऱ्यातून तडा जाणार.

आता हद्दीचं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा असतो, तो दाखवून हद्द ठरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी सुरू झाली, तुमच्या गावाची झाली असेल तर मिळकत पत्रिका आणि नकाशा निघालेला असेल, तो काढून आणा आणि काका-काकूंसमोर बसून दोरी मारा. त्यांच्याशिवाय दोरी मारू नका, हे मी सगळ्यांना सांगतो.

तुमच्या दिरांना वाटणारी भीती अगदीच खोटी नाही. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, त्यात कोणी २० वर्षं बिनअडथळा, उघडपणे, हक्क म्हणून दुसऱ्याच्या जागेतून वाट वापरली तर तो वहिवाटीचा हक्क सांगू शकतो. पण त्यात "हक्क म्हणून" हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही एकमेकांच्या राजीखुशीनं, परवानगीनं येता-जाता, त्याला तो हक्क लागत नाही. मनाला शांती पाहिजे तर एका कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या की हे दार दोघांच्या संमतीनं ठेवलंय. मोठ्या व्यवहाराची गोष्ट असती तर वकिलाकडं जा म्हटलं असतं, एवढ्यासाठी हे पुरे.

वावर_आन_बंडी

गिलावा भाऊचं बाकी सगळं बरोबर हाय, पण कागदाचं मले पटलं नाई. ज्या घरातून आपण पह्यलं लेकरू झालं तवा पेज पेलो त्या घरच्या बुढीपुढं आंगठ्याचा कागद ठेवाचा? थ्या काकूले काय वाटन? माह्या बापानं अन शेजारच्या बापानं ४० वर्स एकाच विहिरीवर मोट हाकली, कागद नाई का काई नाई. आज आमी नातवाईची पिढी पाहू रायलो, अजून भांडन नाई. कागद लिव्हाचा असन तं थो दोघं भावाईनं आपल्या घरात लिव्हून ठिवा, काकूपुढं नेऊ नका.

दार मोठं ठिवा. बाज निंगली पायजे. मानूस बिमार पडला तं बाजीवरच उचलून नेतेत आपल्याइकडं.

गिलावा

@वावर_आन_बंडी काका, तुमचं मन कळलं. मी पाहिलेत असे वाद, सख्ख्या भावांचे पाहिलेत, म्हणून लिहिलं. बाजेचं मात्र एकदम बरोबर, ३ फुटाच्या आत घेऊ नका.

धानपट्टीची_आई

मी भंडारा जिल्ह्यातली, वय ६४. पोरी, तू सगळ्या गोष्टी विचारल्या, पण काकूंशी विषय कसा काढायचा त्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते, टायपिंगला वेळ लागतो, चुका असतील.

तू हे नवऱ्याकडून किंवा दिराकडून कळवू नको. गड्यांच्या तोंडून गेलं की ती बातमी होते. तू स्वतः जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नको. आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, चार दाणे तांदूळ का असेना टाकून देतात. तिची एखादी वाटी तुझ्या घरात पडली असेलच, प्रत्येकीच्या मांडणीत शेजारणीची एक वाटी असतेच. तीत काहीतरी घाल आणि दिवेलागणीच्या आधी जा. दिवेलागणीला दही-मीठ कोणी देत-घेत नाही, त्या वेळी असली गोष्टही काढू नको. आणि भिंत घालतोय असं सांगू नको, दार कुठं ठेवायचं ते विचार. सांगणं आणि विचारणं यात फरक आहे. ती म्हणेल तिथं ठेव.

माझ्या शेजारीण बाईला जाऊन २ वर्षं झाली. भुलाबाईच्या महिन्यात आमच्या दोघींच्या अंगणात मिळून पोरी गाणी म्हणायच्या, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज, आणि खिरापत काय ते ओळखायला लावायच्या. तिनं एकदा डब्यात मोहाचे लाडू आणले होते, डबा वाजवून वाजवून कोणाला ओळखू आलं नाही. तिची पितळेची वाटी माझ्याकडं राहिली. आता परत कोणाला करू. मी ती देवापाशी ठेवलीय.

सेलूवाला

आजी, तुमची पोस्ट वाचून आईला फोन केला.

मेळघाटच्या_पायथ्याशी

ताई काय झालं मग? मिस्त्री आला का?

आर्णीची_सून

उशीर झाला लिहायला, माफ करा, इकडं ४४ च्या वर ऊन चाललंय आणि कामं सगळी पहाटेची.

धानपट्टीच्या आजींनी सांगितलं तसंच केलं. काकूंची स्टीलची वाटी होती माझ्याकडं, खाली नाव कोरलेली, त्यात वाटलेली कैरीची चटणी घेऊन गेले चारच्या सुमारास. त्या बाजेवर गहू निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं काकू, दार कुठं ठेवायचं ते तुम्ही दाखवा. त्यांनी सुपातली नजर वर केली नाही, गहू फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "४ दिस झाले इटा पडल्या, मी तं वाटच पाहू रायली होती तू कवा इचारतं म्हून. मले वाटलं आता रस्त्यानंच या लागते का तुह्या घरी." मग आम्ही दोघीही रडलो, त्याचं काय लिहू. थोड्या वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, भिंत तं पायजेच वं, माह्या बकऱ्या मलेच आयकत नाई.

स्वामित्वचा नकाशा निघाला. दोरी मारली तेव्हा काकाजी, ह्यांचे दोघं भाऊ, सासूबाई, सगळे होते. कडूनिंब दीड हात आमच्या बाजूला निघाला, काकाजींना तो आपला वाटायचा, ते म्हणाले असू दे, सावली दोन्हीकडं पडते. पाया वाकडा केला आणि निंबापासून लांब घेतला. मुरूम साडेतीन फुटावर लागला. बुडाशी पाइप ३ ठेवले, दोन्हीकडचा उतार पाहून. कागद आम्ही केला नाही. भावजी स्वतःच म्हणाले राहू द्या.

दाराच्या रुंदीवर मात्र लांब चर्चा झाली. मिस्त्री म्हणे अडीच फूट पुष्कळ झालं. ह्यांनी वावर_आन_बंडी काकांची पोस्ट वाचून दाखवली, मग बाज आणली आणि मोजली. तेवढ्यात काकू आतून कुरडयांचा गंज घेऊन आल्या. दरसाल आम्ही दोघी घरं मिळून कुरडया करतो, गहू ३ दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं नाहीतर वास मारतो, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, गाळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं पाणी ओतून पहाटे शिजवायचा. चूल त्यांची मोठी, ऊन मात्र आमच्या अंगणात पहिलं येतं, म्हणून शिजतं तिकडं आणि वाळतं इकडं. शिजलेला चीक गरम असतानाच साच्यात घालावा लागतो, थंड झाला की दाबता येत नाही, त्यामुळं उकळता गंज दोघी दोन बाजूनं धरून पळतच वाटेतून आणतो. काकू म्हणाल्या, बाज आडवी करून नेता येते, हा गंज आडवा करता येत नाई. मग काकू आणि मी रिकामा गंज धरून मिस्त्रीसमोर चालून दाखवलं, दोघींच्या कोपरासकट पावणेचार फूट झालं. तेवढंच ठेवलं. उंबरठा नाही घातला, पाय अडकेल म्हणून.

चौकट जुन्या घराची सागवानी पडून होती, ती कापून जुळवली, सुताराचे फक्त मजुरीचे पैसे गेले. फळ्यांचं दार सध्या नाही, काकाजींनी बांबूची ताटी विणून दिली, बकऱ्या अडवण्यापुरती. कडीऐवजी दोन्ही बाजूनं बांधता येईल अशी दोरी आहे. माझ्या जाऊबाई आल्या की त्यांना विचारून पक्कं दार करायचं का ते बघू.

परवा नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी कुरडया उरकल्या. पहाटे ४ ला चूल पेटवली, काकू चीक ओतायला, मी घाटायला, गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवता येत नाही. सासूबाई दारात रॉकेलची चिमणी घेऊन उभ्या होत्या, लाइट गेली होती. गंज नीट निघाला. एक बाजू माझी थोडी घासली, प्लास्टर ओलं होतं, तिथं रेघ पडलीय. मिस्त्री म्हणाला बुजवून देतो, काकूंनी नको म्हटलं.

वावर_आन_बंडी

लय बेस केलं बापा. कुरडया किती झाल्या?

आर्णीची_सून

५ पायल्या गव्हाच्या केल्या, दोन घरच्या. वाळल्या की मोजू काका. आत्ता खाटेवर आहेत आणि माझा धाकटा काठी घेऊन वांदरं राखत बसलाय.